माणसे गाव का सोडतात आणि परमुलखात कशी रुजतात
(दुष्काळ-निवारण समितीच्या विद्यमाने गुहागर येथे भरलेल्या सभेत केलेले भाषण)



दुष्काळाचा हिशेब मांडण्याची आपली रीत ठरलेली आहे. माणसे किती दगावली, गुरे किती मेली, धान्य किती वाटले आणि निधीत शिल्लक काय राहिली, एवढे रकाने भरले म्हणजे अहवाल पुरा झाला असे आपण समजतो. या हिशेबात एक रकाना सहसा नसतो. तो निघून गेलेल्या माणसांचा. जो मेला त्याची नोंद सरकारदप्तरी होते, जो अन्नछत्रात जेवला त्याची नोंद समितीच्या वहीत होते. परंतु ज्याने दाराला कडी घालून, बोचके डोक्यावर घेऊन बंदराची वाट धरली, त्याची नोंद ठेवण्याचे कोणाच्या मनात येत नाही. तो सुटला, असे म्हणून आपण मोकळे होतो. तो का गेला, जेथे गेला तेथे त्याचे बस्तान कसे बसले, आणि मागे राहिलेल्या गावाची त्यामुळे काय गत झाली, याचा विचार आज आपणांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. आमचा व्यवसाय वकिलीचा. म्हणून कायद्याच्या कलमांकडे आमची नजर थोडी अधिक वळली, तर सभेने ते गोड मानून घ्यावे.

देशत्यागाचे जगप्रसिद्ध उदाहरण आयर्लंडचे आहे, आणि घरचे उदाहरण या आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचे आहे. दोन्ही मुलूख समुद्रकाठचे, दोन्ही पावसाचे, दोन्ही डोळ्यांना हिरवेगार दिसणारे. परक्या प्रवाशाने आगबोटीच्या कठड्यावरून पाहिले, तर येथे कोणी उपाशी असेल हे त्यास खरे वाटणार नाही. तथापि या दोन्ही किनाऱ्यांवरून माणसांचा लोंढा पिढ्यान्‌पिढ्या बाहेर वाहत राहिला. म्हणून प्रथम आयर्लंडची हकीकत थोडक्यात सांगून मग आम्ही घरी येतो.

१८४१ साली आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लक्ष होती. जमीन बहुतांशी थोड्या मोठ्या जमीनदारांच्या हाती होती, व त्यांपैकी कित्येक इंग्लंडात राहून कारभाऱ्यांच्या मार्फत खंड वसूल करीत. कुळाकडे तुकडा एवढा लहान की, त्यावर गहू किंवा ओट पिकवून खंड भागवावा, तर पोटासाठी उरलेल्या कोपऱ्यात बटाट्यावाचून दुसरे काही पुरण्यासारखे नसे. अशा रीतीने सुमारे ३० लक्ष माणसांचा प्राण एका कंदावर टांगलेला होता. १८४५ साली बटाट्यावर एक बुरशीचा रोग पडला. १८४६ साली पीक जवळजवळ सर्वस्वी गेले. शेतातली हिरवी पाने काळी पडत व जमिनीतले बटाटे कुजत. परंतु रोग पडला तो बटाट्यावर, धान्यावर नव्हे. त्याच वर्षांत त्याच देशाच्या बंदरांतून धान्य व गुरे विलायतेस रवाना होत होती. देशात अन्न नव्हते असे नव्हे, ते विकत घेण्याची कुळाची ऐपत नव्हती. पुढील सहासात वर्षांत सुमारे १० लक्ष माणसे भुकेने व तापाने मेली, १० लक्षांहून अधिक माणसे देश सोडून गेली, आणि १८५१ च्या गणतीत लोकसंख्या सुमारे ६५ लक्षांवर आली.

आता या ठिकाणी एक प्रश्न उपस्थित होतो. पीक बुडाले म्हणजे माणूस मदत मागतो, काम मागतो, कर्ज काढतो; तो लगेच देश सोडीत नाही. १८४७ च्या मार्चात सरकारी रस्त्यांच्या कामावर सात लक्षांवर माणसे होती, आणि ती कामे बंद झाल्यावर त्या वर्षीच्या जुलैत रोज सुमारे ३० लक्ष माणसांस सरकारी भटारखान्यांतून शिजविलेले अन्न मिळत होते. मग एवढी माणसे गेली का? याचे एक मोठे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडते. १८४७ च्या जूनमध्ये विलायतेच्या पार्लमेंटाने गरिबांच्या साहाय्याचा कायदा दुरुस्त केला, आणि विल्यम ग्रेगरी नामक सभासदाच्या सूचनेवरून त्यात एक कलम घातले. ज्याच्या ताब्यात पाव एकराहून अधिक जमीन असेल, त्यास ती जमीन सोडून दिल्यावाचून सार्वजनिक मदत मिळू नये, असा त्या कलमाचा आशय होता. हे ग्रेगरीसाहेब पुढे सिंहलद्वीपाचे गव्हर्नर झाले. कलम लिहिणाऱ्यास ते न्याय्य वाटले असेल. ज्याच्यापाशी जमीन आहे तो दरिद्री कसा, असा त्यामागचा तर्क. परंतु परिणाम काय झाला? मुले उपाशी, मदत पाहिजे तर जमिनीचे राजीनामापत्र द्या, आणि राजीनामा दिला की जमीनदाराची माणसे येऊन छप्पर उतरविणार. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही व पायाखाली जमीन नाही, त्यास पुढील हंगामाची आशा धरून राहण्याचे कारणच उरले नाही. रोगाने बटाटा नेला, पण गाव सोडविला तो कलमाने. काही जमीनदारांनी तर हिशेब करून पाहिला की, कुळास दरिद्रगृहात वर्षभर पोसण्यापेक्षा त्याचे अमेरिकेचे भाडे भरणे स्वस्त पडते, आणि कुटुंबेच्या कुटुंबे आपल्या खर्चाने जहाजावर चढविली.

ती जहाजे कशी होती हे सांगण्यास मन धजत नाही. १८४७ या एकाच वर्षी कॅनडातील ग्रोस ईल या बेटावर, जेथे रोगी उतारूंना अलग ठेवीत, पाच हजारांवर माणसे पुरावी लागली. जी जगली ती न्यूयॉर्क, बोस्टन, लिव्हरपूल येथील अंधाऱ्या तळघरांत राहिली. कालवे खणू लागली, गोदीत ओझी वाहू लागली. त्यांच्या मुली परक्या घरी भांडी घासू लागल्या. 'आयरिश माणसाने येथे काम मागू नये' अशा अर्थाच्या जाहिराती त्यांनी वाचल्या. असे असता ती तेथे रुजली. १८५५ च्या सुमारास न्यूयॉर्क शहरातील दर चार माणसांत एक आयर्लंडात जन्मलेला होता. ती रुजली कशी, तर एकमेकांच्या आधाराने. न्यूयॉर्कात १८४१ सालापासून त्यांची स्वतःची मदत करणारी सभा होती. १८५० साली त्या सभेच्याच लोकांनी एक बचतपेढी काढली. त्या पेढीच्या खातेवह्या आजच्या इतिहाससंशोधकांनी तपासल्या, तेव्हा असे आढळले की, जमीनदाराने भाडे भरून घालविलेल्या निष्कांचन कुळांनीदेखील थोड्याच वर्षांत तेथे पुंजी साठविली होती. जो पुढे गेला तो मागल्या भावाचे भाडे पाठवी. तो आला की बहिणीचे. अशी ती साखळी चालली.

असो. आता आम्ही घरी येतो.

आपल्या कोकणात वर्षास शंभर इंचांवर पाऊस पडतो. देशावर १८७६ ते १८७८ चा जो भयंकर दुष्काळ झाला, किंवा १८९६ व १८९९ साली जे झाले, तशा अवर्षणाने कोकणचे नाव इतिहासात गाजलेले नाही. आमचा दुष्काळ निराळ्या जातीचा आहे. जांभ्या दगडावर पडलेले पाणी चार महिन्यांत समुद्रास मिळते, आणि वैशाखात त्याच गावच्या बायका हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरतात. भाताची खाचरे थोडी. बाकी सारा डोंगरउताराचा वरकस, ज्यावर दोनतीन वर्षे नाचणी-वरी घेतली की जमीन विसाव्यास टाकावी लागते. चांगले वर्ष आले तरी कुणब्याच्या कणगीत शिमग्यापलीकडे दाणा उरत नसे. दुष्काळ आमच्याकडे दहा-वीस वर्षांनी एकदा धाड घालीत नाही. तो दरसाल चैत्रात पाहुण्यासारखा येऊन पावसाळा संपेपर्यंत ओटीवर बसून राहतो.

त्यातच खोतीची पद्धत. या सभेत खोत घराण्यांतील गृहस्थ बसलेले आहेत, व कोणास उणे बोलावे हा आमचा हेतू नाही. खोतांनी ओसाड गावे वसविली, बांध घातले, देवळे राखली, हेही खरे आहे. परंतु भातशेतीच्या उत्पन्नाचा अर्धेल व वरकसाचा तिर्धेल दिल्यावर, अभावणीच्या वेळी उभ्या पिकाचा अंदाज जास्त बांधला गेल्यावर, आणि वेठीचे दिवस भरल्यावर कुळापाशी बियाण्यापुरते तरी राहिले की नाही, हा प्रश्न जुन्या दाव्यांच्या कागदांतून वारंवार डोकावतो. १८८० च्या खोती कायद्याने या संबंधांस काही शिस्त लावली. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि अखेर १९४९ च्या कायद्याने ही पद्धत संपुष्टात आली. परंतु तत्पूर्वी शंभर वर्षे गावातला तरुण बंदराकडे चालू लागला होता.

तो कोठे गेला? पहिला रस्ता मोरीशसचा. इंग्रजी वसाहतींत गुलामगिरी कायद्याने बंद झाली, तेव्हा उसाच्या मळेवाल्यांस मजूर पाहिजे होते. १८३४ साली हिंदुस्थानातून करारबंद मजूर त्या बेटावर नेण्यास आरंभ झाला, आणि पुढे कलकत्ता व मद्रास यांच्याबरोबर मुंबई बंदरातूनही जहाजे सुटू लागली. त्यांतून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या भागांतील मराठी माणसे गेली. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये वेतन, आणि एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याचा नियम. आयरिश माणसास जहाजावर निदान करारपत्राची बेडी नव्हती. आमच्या माणसाच्या पायात ती होती. पोर्ट लुई येथे ज्या घाटाच्या पायऱ्या चढून ही माणसे त्या भूमीवर उतरली, तो 'आप्रवासी घाट' आता जागतिक वारसास्थान म्हणून जपलेला आहे.

तरीही ती रुजली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठे मळे तुकड्या-तुकड्यांनी विकले जाऊ लागले, तेव्हा पुष्कळ हिंदी मजुरांनी साठविलेल्या पैशातून जमिनी घेतल्या. ज्यास येथे वीतभर जमीन स्वतःच्या नावाची नव्हती, त्याचा नातू तेथे आपल्या नावच्या उसाकडे पाहू लागला. आज त्या बेटावर गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुट्टी असते, शाळांतून मराठी शिकविली जाते, आणि तेथील मराठी मंडळी 'झाकरी' नावाचा फेर धरून नाचतात. गुहागर-चिपळूणकडील श्रोत्यांस तो शब्द ऐकताच आपली जाखडी आठवेल. सहासात पिढ्या समुद्रापलीकडे गेल्या, घरातली बोली बदलली, पण पायांनी ताल सोडला नाही.

दुसरा रस्ता मुंबईचा, आणि हाच मोठा. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत सुताच्या गिरणीची कंपनी स्थापन केली व दोन वर्षांत ती गिरणी सुरू झाली. एकीमागून एक धुराडी उभी राहिली. १८८१ साली मुंबईची वस्ती पावणेआठ लक्षांच्या आसपास होती, आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली माणसे सव्वा लक्षाच्या घरात होती. १९११ साली गिरणीकामगारांपैकी जवळजवळ निम्मे याच एका जिल्ह्याचे होते. भातकापणी आटोपली की दाभोळच्या बंदरात पडावातून आगबोटीवर चढावे, दुसऱ्या टोकास मुंबईच्या धक्क्यावर उतरावे, आणि आषाढापूर्वी जमल्यास परत यावे, असा हा ओघ. 'चाकरमानी' हा शब्द आमच्या भाषेत या ओघाने आणला.

मुंबईत त्याचे बस्तान कसे बसले, हे व्यापारी मंडळींनी लक्षपूर्वक ऐकावे. कारण त्यांत मोठे अर्थशास्त्र आहे. त्याच्यापाशी भांडवल नव्हते, शिक्षण नव्हते, पत नव्हती. त्याच्यापाशी गाव होता. लालबाग-परळच्या चाळीत एका गावाच्या नावाने एक खोली असे. त्या खोलीत पंधरा-वीस माणसे पाळीपाळीने निजत. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा होई. गोमंतकीय ख्रिस्ती बांधवांनी हीच युक्ती 'कूड' या नावाने गावोगावच्या क्लबांच्या रूपाने धोबीतलावाच्या आसपास चालविली. नवा मुलगा आला की गाववाला त्यास जॉबरापाशी नेई. काम लागेतो खानावळीचे पैसे गाववाले भागवीत. आजारी पडला तर वर्गणी, मेला तर तिरडीचा खर्च, आणि गावच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला तर त्याचीही वर्गणी त्याच खोलीतून. आयरिश माणसाने न्यूयॉर्कात जी सभा व जी पेढी काढली, तीच आमच्या माणसाने घटना न लिहिता, कचेरी न थाटता, एका खोलीत चालविली. १ जानेवारी १८८० पासून टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली, तेव्हापासून तर कोकणातील चूल टपालवाल्याच्या वाटेकडे डोळे लावून पेटू लागली.

ही मदत केवळ अशिक्षितांतच चालली असे नाही. याच गुहागर तालुक्यातील कोतळूक गावी १८६६ साली नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म झाला. पित्याचे छत्र १८७९ साली हरपले, तेव्हा वडील बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली, आणि त्यांतले आठ रुपये दरमहा धाकट्या भावास शिक्षणासाठी धाडले. साम्राज्याच्या अंदाजपत्रकाची चिरफाड करणारा अर्थशास्त्रज्ञ त्या आठ रुपयांवर शिकला. परगावी गेलेल्या एका माणसाच्या पाठवणीचे याहून मोठे व्याज आम्हांस ठाऊक नाही.

परंतु गाव सोडण्याचा अर्थ सर्वांस एक नव्हता, हेही सांगणे प्राप्त आहे. कुणबी व मराठा भाकरीसाठी गेला व गावाकडे तोंड करून राहिला. खाडीकाठचा मुसलमान बांधव खलाशी होऊन जहाजावर चढला. त्यांतील काही आफ्रिकेत केप टाऊनपर्यंत जाऊन स्थायिक झाले, व त्यांचे वंशज तेथे आजही 'कोकणी' म्हणूनच ओळखले जातात. महार समाजातील माणसाने मात्र गाव सोडला तो भाकरीइतकाच माणुसकीसाठी. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे आंबेडकर घराण्याचे मूळ गाव. सैन्यातील नोकरीने त्या घराण्यास गावकीच्या जोखडातून बाहेर काढले व शिक्षणाची वाट दाखविली. मुंबईतही अडथळा सुटला नाही. गिरणीच्या विणकामखात्यात, जेथे मजुरी अधिक होती, तेथे धोटा तोंडाने ओढून भरावा लागे म्हणून अस्पृश्यांस घेत नसत. तथापि विहिरीवरून हाकलले जाण्यापेक्षा तो अडथळा त्यास सोसवला. आपण 'गावाची ओढ' हे शब्द उच्चारतो, तेव्हा कोणाच्या पाठीवर गाव ओझे होऊन बसला होता, याची आठवण ठेवावी.

आणखी एक भेद आहे. आयर्लंडातून मुली मुलांच्या बरोबरीने गेल्या. आमच्याकडे पुरुष गेले व बायका राहिल्या. राब भाजणे, तरवा काढणे, लावणी, कापणी, सासऱ्याचे दुखणे, मुलाची शाळा, सावकाराचा निरोप, हे सारे ज्या बाईने एकटीने उचलले, तिचे नाव सातबाऱ्यावर क्वचितच सापडते. २०११ च्या जनगणनेतही या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया अकराशेंहून अधिक होत्या. काही जण यास कोकणचे भूषण मानतात. आमच्या मते तो दीडशे वर्षांच्या विरहाचा आकडा आहे.

अर्ध्या पायाने गाव सोडण्याची किंमत १९८२ साली कळून आली. त्या वर्षीच्या १८ जानेवारीस मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लक्ष कामगार बाहेर पडले. संप रीतसर मिटलाच नाही. गिरण्या एकीमागून एक मिटल्या. हजारो माणसे कोकणात परतली. त्या वेळी गावातल्या नाचणीच्या तुकड्याने व जुन्या घराच्या कौलांनी त्यांस आसरा दिला. ज्याने बापाची जमीन फुंकून टाकली नव्हती तो तगला. येथे आयर्लंडशी आमचा फरक स्पष्ट दिसतो. आयरिश कुळाची परतीची वाट कलमाने तोडली होती. आमच्या चाकरमान्याची वाट, कितीही काटेरी असली, तरी उघडी होती.

परंतु तीही आता बुजत चालली आहे. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, आणि रत्नागिरी जिल्ह्याची सुमारे १७ लक्षांवरून १६ लक्षांवर उतरली.  माणसे केवळ निघून गेली. आमच्या कचेरीत येणारे सातबाराचे उतारे पाहावेत, तर एकेका तुकड्यावर तीस-चाळीस हिस्सेदारांची नावे. त्यांतले निम्मे मुंबईत, काही आखातात, काहींचा पत्ता कोणासच ठाऊक नाही. वाटणीचा दावा लावावा, तर नोटीस बजावता येत नाही. दावा न लावावा, तर जमीन कसता येत नाही. खाचरात गवत माजते, बांध फुटतात, आणि शेजाऱ्याचे गुरही तेथे फिरकत नाही. भूक नसतानाही गाव ओसाड होऊ शकतो, हे या उताऱ्यांवरून शिकावे.

आता मूळ मुद्दा. १८४७ च्या ज्या कलमाविषयी आम्ही आरंभी बोललो, त्याच्या शेजारी आपल्या महाराष्ट्राचा एक कायदा ठेवून पाहा. १९७२ साली देशावर मोठे अवर्षण झाले. त्या वेळी सरकारने गावाजवळ कामे काढण्याचे धोरण धरले. १९७३ च्या मे महिन्यात अशा कामांवर पन्नास लक्षांच्या आसपास माणसे होती. खडी फोडण्याचे काम कष्टाचे होते, मजुरी तुटपुंजी होती, गुरे पुष्कळ गेली. परंतु कामावर येण्यासाठी जमीन सोडून दे, असे कोणी कोणास म्हटले नाही. जो शेतकरी सकाळी पाझरतलावावर माती वाहत होता, तो पाऊस पडताच आपल्याच शेतात पेरणीस गेला. विधानपरिषदेचे अध्यक्ष वि. स. पागे यांनी मांडलेल्या या विचारास १९७७ साली रोजगार हमीच्या कायद्याचे रूप मिळाले, आणि पुढे २००५ साली संसदेने सर्व देशासाठी जो कायदा केला त्याचा पाया येथेच घातला गेला. आयर्लंडच्या कायद्याने गरिबास विचारले, तू काय सोडण्यास तयार आहेस? महाराष्ट्राच्या कायद्याने विचारले, तू काय काम करण्यास तयार आहेस? एका प्रश्नाने देश रिकामा केला. दुसऱ्याने लक्षावधी कुटुंबांस आपल्या उंबऱ्यावर टिकविले.

यावरून आमचे मत असे झाले आहे की, माणूस गाव सोडतो तो धान्य संपल्याच्या दिवशी नव्हे. बैल, बियाणे आणि जमीन यांतले शेवटचे जे काही असेल ते हातचे गेल्याच्या दिवशी. या दोन दिवसांच्या मध्ये काही आठवडे असतात. दात्याचा पैसा त्या आठवड्यांत पोहोचला, तर एका रुपयाने घर वाचते. मागाहून पोहोचला, तर शंभर रुपयांनी केवळ निर्वासित पोसला जातो.

म्हणून या सभेपुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. व्यापारी मंडळींनी टंचाईच्या वर्षी धान्य उधारीने द्यावे, पण त्यावर जमिनीचे गहाण लिहून घेऊ नये. येत्या दोन सुगींत फेड घ्यावी, आणि बुडालेल्या रकमेचा काही भाग समितीने निधीतून सोसावा. जमीनदार मंडळींनी आपली पडीक राहिलेली शेते, रीतसर लेखी करार करून, कसणाऱ्याच्या हाती द्यावी, आणि सामाईक जमिनींच्या वाटण्या कज्जा न करता आपसांत उरकून घ्याव्या. त्या कामी कागद करून देण्यास आमचा व्यवसायबंधुवर्ग मागे राहणार नाही. आणि देणगीदारांनी आपल्या देणगीस अशी अट कधीही घालू नये की, घेणाऱ्याने प्रथम आपले भांडे विकून दाखवावे. दारिद्र्याचा पुरावा म्हणून माणसाकडे सर्वस्वाचा त्याग मागणे, हे त्या पाव एकराच्या कलमाचेच पोर आहे.

जे गेले त्यांच्याविषयीही एक शब्द बोलून आम्ही आटोपते घेतो. १८४६ च्या आरंभी, आयर्लंडातील हाकेची वार्ता येताच, दुष्काळनिधी उभारणाऱ्या जगातील पहिल्या शहरांत आपल्या हिंदुस्थानातील कलकत्ता हे होते. पुढच्या वर्षी अमेरिकेतील चॉक्टॉ नावाच्या आदिवासी जमातीने, जिला थोड्याच वर्षांपूर्वी स्वतःची भूमी सोडावी लागली होती, आपल्या दारिद्र्यातून वर्गणी काढून आयर्लंडास पाठविली. ज्याने घर गमावले त्यास दुसऱ्याच्या घराची किंमत अधिक कळते. मोरीशस, केप टाऊन, आखात आणि मुंबई येथे आपली माणसे आहेत. समितीने त्यांच्या पत्त्यांची एक वही करावी, वार्षिक अहवाल त्यांस धाडावा, आणि त्या अहवालात यापुढे निघून गेलेल्यांचा रकाना घालावा. कोण गेला, कोणत्या महिन्यात गेला, जाण्यापूर्वी त्याने काय विकले, एवढे तरी त्यांत लिहिलेले असावे. तो रकाना दोनचार वर्षे नीट भरला, तर मदत केव्हा व कोठे पोहोचविली पाहिजे, हे समितीस कोणा वकिलाने सांगण्याची गरज उरणार नाही.